मकबूल मास्तरचा मुरलेला फोन

या गोष्टीवर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि त्याबद्दल कुणी तुम्हाला बोल लावू नये. एक तर ती अजून घडायची आहे. आणखी काही वर्षांनी बार्शीत घडेल. दुसरं म्हणजे तिच्यात हरिभाऊ घोडके आहे. हरिभाऊचं पाळण्यातलं नाव हरिश्चंद्र. नाव ठेवताना आईबापांचा अंदाज इतका चुकल्याचं दुसरं उदाहरण सोलापूर जिल्ह्यात सापडायचं नाही.

हरिभाऊ एस.टी.चा ड्रायव्हर. सगळी नोकरी बार्शी–वैराग–सोलापूर या एका रस्त्यावर झाली, आणि त्या रस्त्यावर जे जे कधीच घडलं नव्हतं ते ते त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पानगावच्या पुलावर टायर फुटलं आणि स्टेपनी नव्हती, तेव्हा पुलाखाली झोपलेला अजगर चाकावर गुंडाळून तो सोलापूरपर्यंत गेला होता. अजगर जागा झाला तो थेट डेपोत.

मागे कंडक्टर मकबूल तांबोळी. सगळे त्याला मास्तर म्हणत. दोरी एकदा ओढली, टिंग, की गाडी थांबते. दोनदा ओढली की सुटते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मकबूलनं त्या दोरीला आणखी एक काम लावलं होतं. हरिभाऊ पुढच्या बाकावरच्या लोकांना काहीतरी रंगवून सांगत असायचा. सांगणं हद्दीबाहेर गेलं की मागून टिंग. गाडी उभी. थाप मागे घेईपर्यंत डबल बेल मिळायची नाही. मग प्रवासीच हरिभाऊच्या विनवण्या करत, की अहो घ्या तो अजगर मागे, आमची कोर्टाची तारीख आहे. हरिभाऊ आढेवेढे घेऊन कबूल व्हायचा की बरं, अजगर नव्हता, धामण होती. मागे थोडा विचार व्हायचा. टिंगटिंग.

थाप नेमकी कुठे सुरू झाली हे पाठमोऱ्या माणसाचं कसं कळतं, असं त्याला एकदा वैरागच्या कॅन्टीनवर कुणीतरी विचारलं होतं. मकबूल म्हणाला की तोंडाकडे बघायचंच नाही, तोंड सगळ्यांचंच साधं असतं. हाताकडे बघायचं. विनातिकीट माणूस खिडकीबाहेर बघतो आणि हात खिशावर ठेवतो. पिशवीत कोंबडी दडवलेली बाई पिशवीला थोपटत बसते. आणि हरिभाऊ थाप मारायला लागला की गिअरवरचा हात उचलून छातीवर ठेवतो, जणू शपथ घेतोय.

दोघं बरोबरच निवृत्त झाले. त्यानंतर एका सकाळी मकबूल चूळ भरताना वाकला तो नीट उठलाच नाही. पक्षाघात. उजवं अंग हळूहळू बरंचसं आलं, पण बोलणं गेलं. ऐकलेलं सगळं कळायचं, डोक्यात उत्तर तयार व्हायचं, आणि गळ्यापर्यंत येऊन त्याचा नुसता घरघराट व्हायचा.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं पचायचं नाही.

जुन्या फोनमध्ये आठवण एका ठिकाणी असायची आणि विचार दुसऱ्या ठिकाणी. वीज सारखी दोघांमध्ये ये-जा करायची. दर फोडणीला मोहरी आणायला शेजारच्या घरी जावं, तसं. नव्या चिपमध्ये ही ये-जाच काढून टाकली. केसाहून कितीतरी पातळ असा धातूच्या ऑक्साइडचा थर, आणि त्यात कोट्यवधी सूक्ष्म जागा. एखाद्या जागेतून वीज गेली की तिथला विरोध किंचित कमी होतो. पुन्हा गेली की आणखी थोडा. माळावरून माणसं जात-येत राहिली की पायवाट पडते, तसंच. वापर हीच त्या चिपची आठवण. ज्या माणसाच्या हाती ती पडते त्याच्या वाटा तिच्यात पडतात. लोक तिला मुरणारी चिप म्हणू लागले.

तिच्यात उणिवा दोनच. तिची नक्कल निघत नाही. कारण वाट किती रुळली हे बघायला तिच्यावरून वीज न्यावी लागते आणि बघता बघता ती बदलते. शिवाय तिला आच सोसत नाही. तापली की वाटा बुजतात.

मकबूलच्या गळ्याभोवती एक पट्टी बांधली होती. बोलायचं मनात आलं की गळ्याचे आणि जबड्याचे स्नायू बारीक फुरफुरतात, भले त्यातून शब्द न निघो. पट्टी ते फुरफुरणं टिपायची, फोनमधली चिप त्याचा शब्द ओळखायची आणि फोन तो बोलून दाखवायचा. पहिले सहा-सात महिने मकबूलनं घाम गाळून त्या चिपला एकेक शब्द शिकवला. बोलायला आवाजही त्याचाच हवा होता. पण त्याच्या आवाजाचा एकच नमुना मिळाला, कुठल्याशा प्रवाशानं भरलेल्या गाडीत काढलेला व्हिडिओ. त्यात मकबूल ओरडत होता, पुढं सरका, पुढं सरका. त्यामुळे फोन नुसतं पाणी मागायचा तरी तो गर्दी पुढे सरकवल्यासारखा मागायचा, आणि त्याची बायको हमीदाभाभी नकळत दोन पावलं पुढे व्हायची.

पुढे पुढे फोन मुरला. घर पुन्हा बोलतं झालं. हरिभाऊ रोज चहाच्या वेळेला यायचा, खाटेजवळची खुर्ची ओढायचा आणि सुरू व्हायचा. फोन म्हणायचा, “वा हरिभाऊ, मग काय झालं?” हरिभाऊ पुढचं सांगायचा. फोन म्हणायचा, “भारीच.” एक बेल काही कधी मिळाली नाही. सुरुवातीला हरिभाऊला याची मौज वाटली. मग हल्ली आपल्या थापा बेचव होत चालल्यात, असं त्याला वाटायला लागलं. आजारपणानं मास्तर मवाळ झाला, अशी त्यानं स्वतःची समजूत काढली.

आणि मग फोन म्हातारा झाला. बॅटरी फुगून पाठीमागचं झाकण पुरीसारखं टम्म झालं. हमीदाभाभीनं त्याला दोन रबरबँड लावले. बोलता बोलता तो अर्ध्यात तुटायचा. चहा म्हणून थांबायचा आणि बऱ्याच वेळानं नको म्हणायचा, तोवर चहा ओतून झालेला असायचा. नाशिकला असलेला मुलगा यासीन म्हणाला की तो डबा फेकून द्या, मी नवा पाठवतो. हमीदाभाभी म्हणाली, नव्याला सगळं पहिल्यापासून कोण शिकवणार? याला माझी भांडणंसुद्धा पाठ आहेत. दुरुस्त करा. मायलेकांची चांगलीच जुंपली. शेवटी यासीननं व्हिडिओवरून बापालाच विचारलं.

फोन म्हणाला, “तुम्ही म्हणाल तसं.”

हरिभाऊ चहा पीत होता तो थबकला. मकबूल तांबोळी उभ्या जन्मात कुणाला तुम्ही म्हणाल तसं म्हणाला नव्हता. पण बोलायची वेळ नव्हती. फोन दुकानात न्यायचं काम त्याच्यावरच आलं.

बसस्थानकासमोर अश्लेषा गुंड या मुलीचं दुकान होतं. सोलापूरला डिप्लोमा करून तिनं फक्त मुरणाऱ्या चिपांचंच काम धरलं होतं. तिनं झाकण उघडलं आणि सांगितलं की बॅटरीचं काही नाही, ती बदलता येते. पण फुगलेल्या बॅटरीनं आतला सर्किट बोर्ड वाकवलाय आणि चिपखालचा कथिलाचा डाग तडकलाय. तो पुन्हा बसवायचा म्हणजे आच द्यावी लागणार. वरून बर्फासारखी गार चकती ठेवून खालून आच देईन, बहुतेक वाटा वाचतील, काही बुजतील. चालेल का?

हरिभाऊ म्हणाला की भाभीनं दुरुस्तच करायला सांगितलंय. अश्लेषानं फोनबरोबरची गळ्याची पट्टी काढून खिळ्याला अडकवली, फोनला बाहेरून वीज जोडली आणि तपासणी सुरू केली. वेळ जाईना म्हणून हरिभाऊनं तिला अजगर सांगायला घेतला. पुलाखाली उतरलो, म्हणाला, आणि बघतो तर काय, हे एवढं धूड.

“वा हरिभाऊ,” टेबलावरचा फोन म्हणाला, “मग काय झालं?”

दोघंही फोनकडे बघत राहिले. मग हरिभाऊनं खिळ्याकडे बघितलं. पट्टी तिथेच लटकत होती. तिच्यात कुणाचा गळा नव्हता.

“मास्तर,” हरिभाऊ जरा वाकून म्हणाला, “काल मी चंद्रावर जाऊन आलो.”

“भारीच,” फोन म्हणाला. “चहा घेणार का?”

अश्लेषानं वीज काढली. तिला यात नवल वाटलं नाही. अशी दोन-तीन प्रकरणं तिच्याकडे येऊन गेली होती. तिनं समजावून सांगितलं ते असं. चिपला दोन वाटा असतात. एक गळ्याकडून येते, एक कानाकडून. म्हणजे समोरचा काय बोलला ती. माणूस ठरावीक प्रश्नाला ठरावीक उत्तर देत राहिला की कानाकडची वाट रुळते. मग चिप गळ्याची वाट बघत नाही. प्रश्न ऐकला की उत्तर देऊन मोकळी होते. माणसाला वाटतं, मला म्हणायचं होतं तेच म्हणतोय की, कशाला तोंड वेंगाडा. तो आणखी कमी प्रयत्न करतो, चिप आणखी पुढे होते. शेवटी गळ्याकडच्या वाटेवर गवत उगवतं.

“मग हा किती दिवस एकटाच बोलतोय?” हरिभाऊनं विचारलं.

ते सांगता येणार नाही, ती म्हणाली. पहिल्या वर्षी ते फार दमलेले असतील, सगळ्याला हो हो म्हणत असतील. तेवढंच यानं धरून ठेवलंय.

नवा घेतला तर, असं हरिभाऊनं विचारलं. ती म्हणाली की नवा कोरा असतो. त्याला शिकवायला त्यांनी स्वतः गळा चालवायला हवा. चालवला तर शिकेल. “पण काका, त्यांना आता कशाला चालवावासा वाटेल? इथं त्यांचं सगळं कुणीतरी बोलतंयच.”

फोन दुपारपर्यंत दुरुस्त झाला आणि पहिल्यासारखा खडखडीत बोलू लागला. हरिभाऊनं तो बंद केला, पट्टी त्याच्याभोवती गुंडाळली आणि शर्टाच्या आतल्या बंडीच्या खिशात ठेवला. दुकानातून मकबूलच्या घरापर्यंतचं अंतर फार नाही, पण त्या दिवशी हरिभाऊ ते भगवंताच्या देवळाला वळसा घालून चालला. फोन दिला तर घर उद्यापासून बोलायला लागेल आणि मास्तर कायमचा गप्प होईल. नाही दिला तर घरही गप्प आणि मास्तरही, आणि मास्तर त्यातून कधी तोंड उघडेल याची खात्री देणारा कुणी नाही. शिवाय हा निर्णय करणारा हरिभाऊ घोडके कोण? फोन मकबूलचा, बायको मकबूलची, गळा मकबूलचा.

घरात शिरल्यावर हमीदाभाभीनं विचारलं, झाला का? हरिभाऊ म्हणाला, पार्ट मागवलाय.

पार्ट दुसऱ्या दिवशीही आला नाही, तिसऱ्याही. मग पुण्याहून निघाला, मग कुर्डूवाडीला चुकून उतरवला गेला. हरिभाऊ रोज चहाला यायचा आणि पार्टचा प्रवास सांगायचा. मकबूल पहिले दोन दिवस त्याच्याकडे बघत होता. मग त्यानं भिंतीकडे तोंड केलं. जेवण निम्मं ताटात राहायला लागलं.

एका दुपारी हमीदाभाभी हरिभाऊला ओट्यापाशी घेऊन गेली. घरात आता नुसती भांडी बोलतात, असं ती म्हणाली. हरिभाऊला राहवेना. दुकानात काय झालं ते त्यानं तिला सांगितलं, खिशाचं सोडून. ती ऐकून घेऊन तांदूळ निवडत राहिली.

“मी एकदा मुद्दाम मीठ घातलं नव्हतं,” ती म्हणाली. “फोन म्हणाला, झकास झालंय.”

“मग भाभी, तुम्हाला कळलं होतं?”

“मला नाही कळणार? चाळीस वर्षं या माणसानं माझ्या हातच्या कालवणाला नावं ठेवली.” तिनं सूप आपटलं. “पण हरिभाऊ, झकास तर म्हणत होतं कुणीतरी.”

फोन काढून द्यावा म्हणून हरिभाऊचा हात खिशाकडे गेलाही. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला, टण. दोघं दारात आले. मकबूल भिंतीकडे तोंड करूनच पडला होता, पण डाव्या हातातली अंगठी त्यानं स्टीलच्या पेल्यावर आपटली होती. त्याला पाणी हवं होतं.

हमीदाभाभी पाणी द्यायला गेली. हरिभाऊनं खिशाकडे नेलेला हात खाली घेतला.

त्यानंतर पेला वाजायला लागला. पाणी, उशी, पंखा, सगळ्याला टण. हरिभाऊनं पार्टची गोष्ट आणखी रंगवायला घेतली, की कुर्डूवाडीच्या फलाटावर तो पार्ट एका बोकडानं गिळला. तेव्हा पेला पहिल्यांदा रागानं वाजला. टण. हरिभाऊ जुन्या सवयीनं थांबला. बरं, बोकड नव्हता, शेळी होती, असं म्हणून वाट बघितली. टणटण काही आलं नाही. पण तोंड भिंतीकडून इकडे वळलं होतं. गळ्यात घरघर सुरू झाली, ओठ वाकडे झाले, आणि काही न निघताच पुन्हा मिटले. मकबूलच्या डोळ्यांत पाणी आलं ते हमीदाभाभीनं बघितलं आणि ती हरिभाऊला म्हणाली की उद्या फोन आला नाही तर यासीनला नवा पाठवायला सांगते. हे असं बघवत नाही.

म्हणजे हरिभाऊच्या हातात एक दुपार उरली.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. खुर्ची ओढली. हमीदाभाभी दारातच उभी राहिली, हात कमरेवर.

फोन येणार नाही, असं त्यानं जाहीर केलं. का, तर फोनला नोकरी लागली.

घडलं ते असं, हरिभाऊ सांगू लागला. फोन दुरुस्त होऊन कालच मिळाला. तो घेऊन मी म्हटलं, वैरागला भाचीकडे जाऊन यावं. आता त्या रस्त्यावर विजेवरची गाडी आहे, तिला ड्रायव्हर नाही आणि कंडक्टरही नाही. दारातला खांबच तिकीट फाडतो. गाडी खचाखच भरली. माणसं दारात अडकली, दार लागेना, दार लागेना म्हणून गाडी निघेना, आणि ती यंत्राची बाई सारखी गोड आवाजात म्हणतेय की कृपया आत सरकावे. कोण सरकतंय? आणि माझ्या पिशवीतून तुझा फोन ओरडला, मास्तर. पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा नाही. सगळी गाडी एका दमात पुढे. एक म्हातारी तर सरकता सरकता उतरूनच गेली.

पेला मकबूलच्या हातात होता, पण वाजला नाही. तो ऐकत होता.

पानगावला डेपोचे साहेबच चढले, हरिभाऊ पुढे म्हणाला. त्यांनी फोनची जागेवर परीक्षा घेतली. मांडीवरचं पोर पाचच्या वरचं आहे हे फोननं नुसत्या रडण्यावरून ओळखलं. हाफ तिकीट फाडायला लावलं. साहेब म्हणाले, असा माणूस मकबूल तांबोळीनंतर आम्हाला मिळाला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथं त्याला रुजू करून घेतलं. खाकी कव्हर शिवायला टाकलंय. मला म्हणाले, तुम्ही उतरा, हे आता ड्यूटीवर आहेत. मी वैरागला उतरलो. वळून बघतो तर फोननं ऐटीत एक बेल दिली, आणि गाडी सुटली.

हे शेवटचं वाक्य हरिभाऊनं मुद्दाम टाकलं की घाईत त्याच्या तोंडून गेलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. सगळी उमर जो माणूस एका बेलवर थांबला आणि दोन बेलवर निघाला, त्याच्याकडून असं होत नाही. पण झालं.

टण.

हरिभाऊ थांबला. मकबूल कोपरावर रेलून अर्धा उठला. त्यानं पेला पुन्हा आपटला, टण, आणि लगेच आणखी एकदा. मग डोकं हलवलं, की तुला कळत नाहीये, आणि पेला बाजूला टाकून दिला. पेला घरंगळत खाटेखाली गेला. आता त्याच्याजवळ वाजवायला काही नव्हतं. गळ्याच्या शिरा ताठल्या. तोंड डावीकडे ओढलं गेलं, जीभ टाळूला लागली, निसटली, परत लागली.

“दो,” तो म्हणाला. “दोन.”

आवाज त्याचा ओळखू येण्यासारखा नव्हता. गंजलेला, ओला. त्यात पुढं सरकाचा हेल औषधालाही नव्हता. हमीदाभाभीनं कमरेवरचे हात काढले आणि दाराची चौकट धरली.

“दोन काय मास्तर?” हरिभाऊ शक्य तितक्या निर्विकारपणे म्हणाला. “एकच बेल दिली. मी या कानांनी ऐकली. आणि फोन गेला की रे गाडीबरोबर. देवाशप्पथ गेला.”

बोलता बोलता त्याचा उजवा हात उठून छातीवर गेला, आणि बंडीच्या खिशावर जरा नेटानं दाबून बसला.

मकबूल त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हता.

“थाप,” तो म्हणाला. मग दम घेतला, लाळ गिळली, आणि तिकीट मागावं तसा पंजा पुढे पसरला. “खि... खिशात हाय. काढ.”